बोटाएवढी जागा

आमच्या इंदापूरच्या घरमालकांना सकाळी सकाळी "काय आबा, कसं काय?" असं विचारण्याची चूक मी एकदाच केली. मी शाळेत शिकवते, मला तिथली एसटी पकडायची होती. आबा गोठ्याच्या दारात दात घासत उभे होते. त्यांनी चूळ भरली, पंच्यानं तोंड पुसलं आणि मला विचारलं, "कशाचं कसं? माझं, म्हशीचं, का गावाचं?" मी हसून म्हटलं, तुमचं. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. डावा गुडघा जिना चढताना वाजतो, उतरताना वाजत नाही. झोप दोनदा मोडली, पण दोन्ही वेळा कारण वेगळं होतं. भूक आहे, पण ती जेवणाची नाही, नुसतं काहीतरी तोंडात टाकावं अशी आहे. एसटी गेली. मी वडापच्या जीपनं शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपून पाढे सुरू झाले होते. मुख्याध्यापकांना मी खरं कारण सांगितलं, की घरमालकांना कसं काय विचारलं होतं. त्यांना ते पटलं नाही. आमचे शिपाई इंदापूरचेच, त्यांना मात्र लगेच पटलं.

आबा जनावरांच्या दवाखान्यातनं निवृत्त झालेले. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, मोठं जनावर धरून ठेवणं, नळीनं औषध पाजणं, यात त्यांची उभी नोकरी गेली. सरकारी कागदावर या पदाला 'व्रणोपचारक' म्हणतात. खेडोपाडीची माणसं त्यांना आपली सरळ "डॉक्टर" म्हणून हाक मारायची, की आबा तिथंच अडवायचे. "डॉक्टर साहेब वेगळे. मी व्रणोपचारक." आता हा शब्द माणसाच्या तोंडात बसावा कसा? कुणी वरणोपचारक म्हणायचं, कुणी वरणउपचार, आणि पलीकडच्या आळीतली टवाळ मंडळी त्यांना पाठीमागं 'वरणभात' म्हणायची. आबांना हे ठाऊक होतं. त्यांचा राग टोपणनावावर नव्हता, भातावर होता. वरण एक वेळ जीभ घसरून येईल, पण भात कुठनं आला, असं ते मला अगदी गंभीरपणे विचारायचे.

खोली बघायला गेलो तेव्हाच आम्हाला कल्पना यायला हवी होती. आमचे हे म्हणाले, "आम्ही दोन-तीन माणसं आहोत." आबा म्हणाले, "दोन का तीन?" हे म्हणाले, दोघं आणि एक लहान मुलगी. "मग तीन. ती काय पाहुणी हाय व्हय?" त्यानंतर त्यांनी विचारलं की मी नोकरीला जाते म्हणजे किती वाजता जाते, आणि यांची बारामतीच्या कंपनीत पाळी असते म्हणजे कोणकोणती असते. एवढं सगळं होऊन त्यांनी किल्ली दिली. खाली उतरताना हे मला म्हणाले, हा म्हातारा आपल्याला वेड लावणार. मी म्हटलं, पाणी चोवीस तास आहे, लागू दे वेड.

गोठ्यात एक म्हैस होती, मुऱ्हा जातीची, तब्येतीनं चांगली. जगातल्या तमाम माणसांना आबा अरे-तुरे करायचे. बँकेच्या साहेबालाही "अरे पोरा" म्हणायचे. म्हशीला मात्र अहो-जाहो. "अहो, पाय घ्या जरा." "अहो, ऐकताय का, पाणी प्या." मी एकदा विचारलं तर म्हणाले, माणसाला बोलता येतं, तो स्वतःचा मान स्वतः मागून घेतो. तिला मागता येत नाही, म्हणून द्यायचा.

निवृत्तीनंतरही माणसं जनावरं घेऊन त्यांच्याकडं यायची. शेळगावचा एक शेतकरी एकदा टेम्पोत गाय घालून आला. गाय चार दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती. दोघातिघांनी पोटाची पावडर पाजून झाली होती. मी वरच्या जिन्यात केस विंचरत उभी होते, त्यामुळं सगळं मला दिसत होतं.

"आबा, खात न्हाय वो," शेतकरी म्हणाला.

"खात न्हाय, का खाता येत न्हाय?"

"एकच की वो ते."

आबांनी हिरव्या मक्याची पेंढी आणून गाईपुढं टाकली आणि उकिडवे बसले. गाय पुढं आली, हुंगलं, एक पान तोंडात घेतलं, दोनदा चावल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं. आबा उठले, म्हणाले, "हिला भूक हाय. हिचं मन हाय. हिला खाता येत न्हाय. तू घरनं निघतानाच चुकीचा शब्द घिऊन निघालास, म्हणून चार दिस औषध पोटाला गेलं आन दुखणं ऱ्हायलं तोंडात." मग त्यांनी एका हातानं जबडा उघडला, दुसरा हात कोपरापर्यंत आत घातला आणि जिभेच्या मुळाशी रुतलेला बाभळीचा काटा काढून त्या शेतकऱ्याच्या तळहातावर ठेवला. गाय टेम्पोत चढायच्या आधी अर्धी पेंढी खाऊन गेली. मी तेव्हा हसले होते. गंमत वाटली होती नुसती.

माझं पोट दुखायला लागलं त्याला तेव्हा दीड-पावणेदोन वर्षं झाली असतील. पण हे मी आबांना कधी सांगितलं नव्हतं. कशाला सांगायचं? पोट दुखतंय म्हटलं की तासाभराची निश्चिंती.

तर दुखणं असं. शाळेत बाक सरकवायला वाकले, दुखलं. यांच्या गाडीवर मागं बसायला टांग टाकली, दुखलं. शिंक आली की दोन्ही हातांनी पोट धरायचं. सकाळी अंथरुणातनं सरळ उठताच यायचं नाही, कुशीवर वळून हाताच्या रेट्यानं उठायचं. आधी पित्त झालं. पित्ताच्या गोळ्या तीन महिने. मग जंत झाले. मग तोंडातनं नळी घालून बघितलं. सोनोग्राफी दोनदा, सीटी स्कॅन एकदा. सगळं व्यवस्थित. अहो, 'व्यवस्थित' हा शब्द ऐकून माणसाला रडू येतं हे मला तेव्हा कळलं. एक डॉक्टर फार प्रेमळ, त्यांनी मला समजावलं की मॅडम, मनावर ताण घेऊ नका. शाळेत सोबतच्या बाई म्हणाल्या, हिचं पोट बरोबर शाळेच्या तपासणीच्या आदल्या दिवशी दुखतं. पणदऱ्याहून सासूबाई आल्या की दृष्ट काढायच्या, हिंग लावायच्या, आणि हिंगानं थोडं बरं वाटलं का असं इतक्या आशेनं विचारायच्या की मी हो म्हणायची. पुढं पुढं मलाच शंका यायला लागली. आपलं खरंच दुखतंय, का आपण उगाच आजारपण करतोय? ही शंका दुखण्यापेक्षा वाईट होती.

शेवटी बारामतीच्या एका दवाखान्यात पुन्हा सोनोग्राफी झाली आणि गर्भपिशवीत एक हरभऱ्याएवढी गाठ दिसली. मला सांगायला लाज वाटत नाही, गाठ दिसली म्हणून मी आनंदानं रडले. काहीतरी दिसलं! त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओटीपोटातलं एवढं जुनं दुखणं आहे, एक मूल झालेलं आहे, तर पिशवी काढून टाकू, कायमची कटकट जाईल. आमच्याकडं बायका पिशवी काढली हे दाढ काढली इतक्या सहज सांगतात. माझ्या वयाच्या चौघीजणी माझ्या माहितीत होत्या. पण मला आणखी एक मूल हवं होतं. यांनाही हवं होतं. दवाखान्यातनं गाडीवर परत निघालो. शेळगाव मागं टाकल्यावर हे म्हणाले, "तू बरी झालीस म्हंजे झालं," आणि मी त्यांच्या पाठीला डोकं टेकून व्हय म्हटलं.

ऑपरेशनची तारीख सोमवारची मिळाली. त्याला अकरा दिवस होते. दहा दिवस घर बंद राहणार म्हणून आबांना सांगणं भाग होतं. ते गोठा झाडत होते.

"कशाचं ऑपरेशन?"

"पिशवीचं, आबा."

"पिशवीला काय झालं?"

"पोटात दुखतंय."

आबांनी खराटा भिंतीला टेकवला. "मी पिशवीचं इचारलं, तू पोटाचं सांगितलंस."

मी म्हटलं, आबा, मला स्वयंपाक पडलाय. ते म्हणाले, पडू दे. कुठं दुखतं? मी वैतागून साडीवरनं पोटावर हात ठेवला. "हा तळवा झाला," ते म्हणाले. "तळव्याखाली आतडं येतं, पिशवी येती, मुताची थैली येती. बोट ठेव." मला काय राग आला म्हणून सांगू. एवढे मोठे मोठे डॉक्टर, एवढी मशीनं, आणि हे शेण लागलेल्या हातांनी मला पोट शिकवणार. मी म्हटलं, तुम्ही जनावरांचे डॉक्टर. ते शांतपणे म्हणाले, व्रणोपचारक. मी ताडताड जिना चढून गेले आणि दार आपटलं.

संध्याकाळी दार उघडलं तर पायरीवर एक छोटी बाटली होती. जनावरांच्या जखमेला लावतात ते जांभळं औषध. कपड्याला लागलं तर कपडा फाटेपर्यंत जात नाही असं. शेजारी कापूस गुंडाळलेल्या काड्या. खालनं, वर न बघता, आबांचा आवाज आला. "दुखलं की त्याच घटकेला आरशात बघून एक ठिपका द्यायचा. धुवायचा न्हाय. मला दाखवायचं न्हाय. मी बघणार न्हाय. तुझं तू बघायचं."

मी ते केलं ते निव्वळ रागानं. मला दाखवून द्यायचं होतं की माझं सगळं पोट दुखतं, इथून तिथून दुखतं, मी खोटारडी नाही. पोटभर रांगोळी उठेल अशी माझी खात्री होती. शाळेतही बाटली नेली. मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन ठिपके दिले. बोटं जांभळी व्हायची, तिसरीतल्या पोरी विचारायच्या, बाई, जांभळं खाल्ली का?

आणि रोज संध्याकाळी आबा खालनं मला एक शब्द द्यायचे. एकच. पहिल्या दिवशी 'कळ'. कळ म्हणजे येती, वाढती, जाती. बघ तशी हाय का. नव्हती. दुसऱ्या दिवशी 'मुरडा'. मुरडा पिळतो, आणि पिळून झाला की परसाकडं धाडतो. तसंही नव्हतं. मग 'ठणका', जो नाडीबरोबर उडतो. मग 'आग'. मग 'ओढ'. मी दिवसभर तो शब्द घेऊन हिंडायची. दुखलं की आधी ठिपका द्यायचा आणि मग स्वतःला विचारायचं, ही ओढ आहे का गं? नाही, ओढ नाही. काय सांगू, मला त्यात मजा यायला लागली. दोन वर्षं मी दुखण्याकडं पाठ करून पळत होते, आता पहिल्यांदा तोंड वळवून बघत होते, बाई तू आहेस तरी कशी.

सहाव्या दिवशी आबांनी शब्द द्यायच्या आधीच मी जिन्यातनं ओरडले, "आबा, चिमटा हाय."

त्यांचा हात थांबला. "कातडीचा का आतला?"

"कातडीच्या जरा आत. बोटांनी मांस धरून पिळल्यागत."

"उठताना येतो?"

"उठताना, वाकताना, शिंकताना. पडून राहिले की न्हाय."

"जेवणानं?"

"न्हाय."

"पाळीनं?" हे त्यांनी म्हशीकडं तोंड करून विचारलं.

"न्हाय, आबा," मी म्हटलं, आणि म्हणताना माझं मलाच उमगलं. पाळीशी त्याचा काहीही संबंध नव्हता. कधीच नव्हता. दोन वर्षांत हा प्रश्न मला कितीदा विचारला गेला होता आणि मी दर वेळी 'तसंच काहीतरी' म्हटलं होतं.

आठव्या दिवशी, शुक्रवारी, आंघोळीआधी मी आरशापुढं उभी राहिले. एकवीस वेळा ठिपका दिला होता. बोटांवर मोजून ठेवलेलं. दर वेळी घाईत ठिपका देऊन पदर ओढला होता, आज नीट बघितलं, तर पोटावर एकच डाग होता. रुपयाच्या नाण्याहून लहान. एकवीस ठिपके एकावर एक पडले होते. बाकी सगळं पोट कोरं. मी न्हाणीच्या फरशीवर बसले आणि मला हसू आवरेना.  मी खोटारडी नव्हते. खोटारड्या माणसाचा ठिपका एकवीस वेळा त्याच जागी कसा पडेल? कपडे करून मी जिना उतरले, ओल्या केसांनीच, आणि आबांना सांगितलं. बेंबीपासून उजवीकडं चार बोटं, आणि तिथनं एक बोट खाली.

आबांनी आपल्या बोटांवर ते मोजून बघितलं. मग म्हणाले, "मग ओटीपोट कुठनं आलं गं? ओटीपोट तर पार खाली."

कुठनं आलं? मी आठवायला लागले. पहिल्यांदा पणदऱ्याच्या दवाखान्यात गेले तेव्हा सासूबाई सोबत होत्या. डॉक्टरांनी विचारलं, कुठं दुखतं? आमच्याकडं बाईमाणूस परक्या पुरुषापुढं पोटावर बोट ठेवून दाखवत नाही. पदर सारखा करते आणि 'ओटीपोटात' म्हणते. छातीच्या खाली काहीही दुखो, शब्द तोच. सासूबाई म्हणाल्या, "वटीपोटात दुखतंय तिच्या," आणि मी मान हलवली. तो शब्द पहिल्या कागदावर गेला, तिथनं दुसऱ्या, तिथनं फाईलवर. प्रत्येक डॉक्टरनं आधी कागद वाचला. मी चौथीला शब्दार्थ शिकवणारी बाई, आणि माझ्याच पोटाला चुकीचा शब्द लावून दोन वर्षं हिंडत होते, त्या शब्दापायी सोमवारी माझी पिशवी जाणार होती. मी पदर डोळ्यांना लावला.

"रडायचं आसल तर रड," आबा म्हणाले. "पर उद्या डॉक्टरपुढं रडू नको. तितं सांग."

शनिवारी भूल देणाऱ्या डॉक्टरांची तपासणी होती. यांना सोमवारपासून रजा होती, शनिवारी मिळाली नाही, आणि कंपनीत आत फोन नेता येत नाही. आबा म्हणाले, मी येतो. इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली, म्हशीला सांगून निघाले. एसटीत त्यांनी माझ्याकडनं धडा पाठ करून घेतला. मी म्हणत होते, ते दुरुस्त करत होते. 'साधारण' म्हटलं की थांबवायचे. पुढच्या सीटवरची बाई दोनदा मागं वळून बघून गेली.

भूलतज्ज्ञ म्हणजे माझ्याहून लहान एक मुलगी निघाली. चष्मा, दमलेला चेहरा, हातात माझी जाड फाईल. आबा पडद्यापलीकडच्या बाकावर बसले. तिनं दात बघितले, छाती तपासली, रक्तदाब घेतला आणि सही करायला पेन उचललं.  मी म्हटलं, डॉक्टर, मला दोन मिनिटं बोलायचं आहे. फाईल मिटून ऐकाल का? तिनं माझ्याकडं बघितलं आणि खरंच फाईल मिटली.

मी वर्गात कविता म्हणून दाखवावी तसं सगळं म्हटलं. एक जागा. बोटाएवढी. चिमटा. उठताना, वाकताना, टांग टाकताना, शिंकताना. पडून राहिलं की नाही. जेवणाशी, पाळीशी, शौचाशी संबंध नाही. आठ दिवसांत एकवीस वेळा, जागा तीच. आणि मी साडी बाजूला करून जांभळा डाग दाखवला.

तिनं पेन खाली ठेवलं.

"झोपा," ती म्हणाली. तिनं डागावर एक बोट दाबलं. दुखलं. "आता हात छातीवर घ्या, आणि बोट असंच राहू दे, नुसतं डोकं आणि खांदे उचला." मी उचलले आणि अशी किंचाळले की पडद्यापलीकडं बाक सरकला. तिनं डागाजवळची कातडी चिमटीत धरली, मग डावीकडची धरली. थंड बोळा फिरवला, दोन्हीकडं सारखा लागतो का विचारलं. सारखा लागत नव्हता. तिच्या चेहऱ्यावरचा थकवा कुठल्या कुठं गेला.

"पोट घट्ट केल्यावर दुखणं वाढतंय," ती म्हणाली. "आतलं दुखणं असतं तर स्नायूंनी ते झाकलं असतं. ताई, हे तुमच्या पोटात नाहीच. पोटाच्या भिंतीत आहे. स्नायूच्या फटीतनं एक बारीक नस बाहेर येते, ती अडकलीय. ठिबकच्या नळीवर दगड पडावा तशी. हे सोनोग्राफीत दिसत नाही, रक्तात दिसत नाही. बोटानंच सापडतं."

पडद्यापलीकडनं आबा म्हणाले, "कातडीखाली का मांसात?"

"मांसातून कातडीकडं येताना, काका," तिनं तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं.

"आसं," आबा म्हणाले. 

तिनं त्या डागावरच बधिर करायचं इंजेक्शन दिलं. म्हणाली, नस हीच असेल तर पाच-दहा मिनिटांत कळेल. औषधाचा असर काही तासांनी उतरेल, दुखणं परत येईल, घाबरायचं नाही, अशी दोन-तीन इंजेक्शनं लागतात. मी छताकडं बघत पडून राहिले. घड्याळ भिंतीवर होतं, पण मला त्याकडं बघायची हिंमत होईना. मग ती म्हणाली, उठा आता. मी सवयीनं कुशीवर वळायला लागले. तिनं खांद्याला हात लावला. "नाही. सरळ उठा."

मी सरळ उठले. काही झालं नाही. पुन्हा झोपले, पुन्हा उठले. पुन्हा झोपले. टेबल करकरत होतं, डॉक्टर हसत होती, मी वेड्यासारखी उठत होते आणि झोपत होते. मला कुणीतरी माझं अंग परत दिलं होतं. मी त्या पोरीच्या गळ्यात पडून रडले, आणि आबांनी पडद्यापलीकडनं खोकून विचारलं की आत येऊ का.

तिनं लगेच वर जाऊन डॉक्टरीणबाईंशी बोलणं केलं. त्या स्वतः खाली आल्या, त्यांनीही बोटानं दाबून बघितलं, आणि म्हणाल्या, एवढीशी गाठ कितीतरी जणींना असते, तिचं काही दुखत नाही, राहू दे, सहा महिन्यांनी बघू. सोमवारचं नाव त्यांनी माझ्यादेखत खोडलं. बारामतीच्या स्टँडवर आबांनी मला उसाचा रस पाजला. स्वतः दोन ग्लास प्याले. परतीच्या एसटीत त्यांनी कंडक्टरला, शेजारच्याला आणि भिगवणच्या गाडीऐवजी चुकून आमच्या गाडीत चढलेल्या एका मासळीवाल्या बाईला, सगळ्यांना, नस कुठनं कुठं येते ते बोट ठेवून समजावून सांगितलं. स्वतःच्या पोटावर.

पुढं मला आणखी दोन इंजेक्शनं लागली. आता दुखत नाही. माझी बदली झाली, आम्ही पणदऱ्याला राहायला गेलो. आबा इंदापुरातच आहेत, फोनवर अजूनही मी कसं काय विचारत नाही. एकेक अवयवाचं नाव घेऊन विचारते. माझ्यासारख्या कितीजणी तोच एक शब्द घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढत असतील, असं मनात येतं आणि मग मी ओळखीच्या बायकांना पकडून पकडून विचारते, तळवा नको, बोट ठेव. त्यांना वाटतं मला वेड लागलंय.

पण त्या शनिवारची संध्याकाळ सांगायची राहिली. हे कामावरनं आले तेव्हा मी भाकरी करत होते. सगळं एका दमात सांगितलं. ते दारातच उभे, बूटसुद्धा काढले नाहीत, नुसतं माझ्या तोंडाकडं बघत होते. अजून त्यांचा विश्वास बसायचा होता. मी तव्यावर भाकरी टाकली, पिठाचा डबा ओढायला वाकले, आणि चिमटा बसला. त्याच जागी.

यांचा चेहरा उतरला. "दुखलं?"

"व्हय."

"म्हंजे सोमवारी..." 

दोन वर्षांत या माणसानं माझ्यासाठी गाडी खड्ड्यांतनं हळू काढली, गॅसच्या टाक्या जिना चढवल्या, पाय चेपले. पण माझ्या पोटाला त्यांनी हात लावला नव्हता. त्यांना भीती वाटायची. मलाही त्यांनी लावू नये असंच वाटायचं. मी पिठाचे हात पुसले, त्यांचं बोट धरलं आणि जांभळ्या डागावर टेकवलं.

"हितं हाय. दाबा."

"नको गं."

"दाबा वो."

त्यांनी दाबलं. दुखलं, आणि माझ्या डोळ्यांतनं पाणी येत होतं आणि मी हसत होते. त्यांनी बोट जरा बाजूला नेलं. हितं? न्हाय. वर नेलं. हितं? न्हाय. मग घाबरत घाबरत खाली, पार खाली, ओटीपोटावर नेलं आणि तिथं हळूच, अगदी हळूच दाबलं.

"हितं?"

"हितं कायसुद्धा न्हाय," मी म्हटलं. "हितं कधीच काय नव्हतं. पिशवी धडधाकट हाय आपली."

ते बुटासकट फरशीवर बसले आणि पोरासारखे हमसून रडायला लागले. मी त्यांचं डोकं पोटाशी धरलं. दुखत होतं, दुखू दिलं. घरभर धूर झाला तेव्हा खालनं आबांनी विचारलं, "भाकर करपली का दूध?" आणि मी रडत, हसत, जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, भाकर, आबा, भाकर.